पटावरचे नाव

२७ मे २०२५ रोजी दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीने चार ओळींचे एक निवेदन काढले. विद्यार्थ्याने शिक्षण अर्धवट सोडले, वर्ग चुकविले किंवा संस्थेस न कळविता अभ्यासक्रमातून अंग काढून घेतले, तर त्याचा व्हिसा रद्द होऊ शकेल आणि पुढे व्हिसा मिळण्यासही तो अपात्र ठरू शकेल, असा त्याचा आशय होता. त्याच्या दोनच दिवस आधी मोसमी पाऊस देवगडापर्यंत येऊन ठेपल्याचे हवामान खात्याने जाहीर केले होते. झाडावर राहून गेलेल्या आंब्याची चिंता करीत आम्ही पाचसहा मंडळी एका स्नेह्याच्या पडवीत बसलो असता हे निवेदन कोणीतरी वाचून दाखविले. एक निवृत्त बँक अधिकारी तत्काळ म्हणाले, "अगदी बरोबर आहे. शिकायला गेलात ना? मग शिका, नाहीतर परत या." त्यावर दुसरे गृहस्थ उसळून म्हणाले, "त्यांना आपली मुलेच नको आहेत. हे सारे निमित्त आहे." मग पुन्हा आंब्याचे बोलणे सुरू झाले.

या दोन उद्गारांत आमच्या सुशिक्षित वर्गाचे या विषयावरील बहुतेक सर्व मत सामावले आहे. पहिल्यात स्वतःच्या मुलांविषयी कठोरपणा आहे, दुसऱ्यात परक्यांविषयी राग आहे. परंतु ही मुले तेथवर पोचली कशी, त्यांना कोणी पोचविले आणि कोणत्या समजुतीने पोचविले, याचा विचार दोहोंतही नाही. तो विचार टाळता येतो म्हणूनच ही दोन्ही मते आपणांस इतकी सोयीची वाटतात.

प्रथम एक गोष्ट मान्य करून टाकतो. विद्यार्थी म्हणून परदेशात शिरलेल्या माणसाने विद्यार्थी राहावे, ही अट मुळात अन्याय्य नाही. प्रत्येक राष्ट्रास आपल्या दारातून कोण कशासाठी आत आला हे विचारण्याचा अधिकार आहे. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्यास प्रत्येक सत्रात साधारणतः बारा श्रेयांकांचे विषय घ्यावे लागतात. ऑस्ट्रेलियात व्हिसावर ८२०२ क्रमांकाची अट असते, तिच्यान्वये नोंदणीकृत अभ्यासक्रमात नाव चालू ठेवावे लागते आणि ज्या पातळीच्या शिक्षणासाठी व्हिसा मिळाला त्याहून खालच्या पातळीवर उतरता येत नाही. या अटी कोणासही वाचावयास मिळतात. तक्रार अटींविषयी नाही. तक्रार अशी आहे की, पटावर नाव असणे आणि खरोखर शिकणे या दोन गोष्टी एकच होत, असे या सर्व व्यवहारात फक्त विद्यार्थ्यानेच मानावयाचे असते. त्याला जागा विकणारा तसे मानीत नाही, त्याला पाठविणारे आपण तसे मानीत नाही, आणि त्याला बोलावणारे सरकारही आपल्या गरजेनुसार कधी मानते, कधी मानीत नाही. मात्र हिशेब चुकला की भरपाई एकट्या विद्यार्थ्याकडून घेतली जाते.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे नाव वा गाव सांगण्याचे कारण नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत तो मेलबर्नला पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँक तारण मागते, म्हणून वडिलांनी कलमांची बाग तारण ठेवली. आता तो काळ कोणता होता तेही ध्यानात घ्यावे. महामारीनंतर ऑस्ट्रेलियात कामास माणसे मिळेनात, म्हणून २०२२ च्या जानेवारीत तेथील सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांवरील मर्यादा उठविली. लवकर येणाऱ्या विद्यार्थ्यांची व्हिसाची फी परत करण्याचेही त्याच महिन्यात पंतप्रधानांनी जाहीर केले. तेव्हा विद्यार्थी वर्गात किती वेळ बसतो आणि हॉटेलच्या मोरीवर किती वेळ उभा राहतो, याची कोणास फिकीर नव्हती. कॅनडानेही २०२२ च्या नोव्हेंबरपासून २०२४ च्या एप्रिलअखेरपर्यंत अशीच सवलत दिली होती. माझ्या विद्यार्थ्याने पहिले सत्र अशा कामावर काढले, फी भरली, अभ्यासही बऱ्यापैकी केला. १ जुलै २०२३ रोजी ती सवलत संपली आणि पंधरवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आली. दुसऱ्या सत्राच्या फीची तारीख आणि उत्पन्न घटण्याची तारीख अशा रीतीने हातात हात घालून आल्या.

येथे दलालाचा प्रवेश होतो. ज्याने प्रथम प्रवेश मिळवून दिला होता त्याच्याच ओळखीच्या माणसाने त्यास सुचविले की, विद्यापीठ महाग आहे, तर एखाद्या स्वस्त व्यावसायिक कॉलेजात पदविकेला नाव घाल. "पटावर नाव असले म्हणजे झाले," हे त्याचे शब्द. पदविका ही पदव्युत्तर पदवीहून खालच्या पातळीची असल्याने नाव बदलताच व्हिसाची अट मोडते, हे त्याने सांगितले नाही. त्याला ते ठाऊक नव्हते असे मानण्याइतका मी भोळा नाही. मुलाने नाव घातले, फीही भरली. आणि पुढील वर्षी, 'आपला व्हिसा रद्द करण्याचा विचार आहे, पाच दिवसांत म्हणणे मांडावे' असे पत्र संगणकावर आले. त्याने म्हणणे मांडले. ते इंग्रजी पत्र त्याने मला नंतर दाखविले. त्यातील व्याकरण निर्दोष होते. तेवढे मी त्यास शिकविले होते. व्हिसा रद्द झाला. आज तो घरी आहे आणि शिपाईगिरीपासून तलाठ्याच्या परीक्षेपर्यंत मिळेल तेथे अर्ज करीत आहे. गावात त्याच्याविषयी "पळून आला" असे बोलतात.

हा एकट्याचा अपघात नव्हता. २०२३ च्या पहिल्या सहा महिन्यांत ऑस्ट्रेलियात एका संस्थेत नाव असताना दुसरीतही नाव घालण्याचे प्रकार सतरा हजार झाले. २०१९ आणि २०२२ या दोन वर्षांच्या त्याच सहामाहीत मिळून ते साडेदहा हजार होते. सरकारने २६ ऑगस्ट २०२३ रोजी ही वाट बंद केली. ती बंद केली ते योग्यच झाले. परंतु वाट आधी कोणी आखली होती? एकाच मुलाला दोनदा विकून दोनदा दलाली घेता येते, एकदा विद्यापीठाकडून आणि पुन्हा स्वस्त कॉलेजाकडून, ही मेख तिच्या मुळाशी होती. मुलाचा व्हिसा गेला. दलालाची कोणती दलाली परत गेली?

देवगडच्या वाचकास दलाल हा शब्द समजावून सांगण्याचे कारण नाही. वाशीच्या बाजारातील दलाल आमच्या बागाईतदारास आगाऊ रक्कम देतो, पेट्या उतरवून घेतो, दलाली कापतो, आणि आम्ही त्यास वर्षभर शिव्या देतो. तथापि तो पट्टी पाठवितो. कितीला विकले, हमाली किती, दलाली किती, हे त्या पट्टीवर आकड्यांत लिहिलेले असते. शिक्षणाच्या दलालाची पट्टी आजवर कोणा पालकाने पाहिली आहे काय? तो पालकांकडून बहुधा काहीच घेत नाही, "सेवा विनामूल्य" अशी पाटी लावतो, आणि पहिल्या वर्षाच्या फीवर संस्थेकडून ठराविक टक्के घेतो. म्हणजे ज्याच्या सल्ल्यावर आपण बाग तारण ठेवतो तो वस्तुतः समोरच्या पक्षाचा नोकर असतो. आणखी एक गंमत पहावी. देवगडच्या पेटीत कर्नाटकातला आंबा घालून विकण्याची लबाडी जुनी आहे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ च्या हंगामात येथील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी आणली, की गिऱ्हाइकास फळाचे मूळ तपासता यावे. शंभर रुपयांच्या फळाचा खरेपणा तपासण्याची एवढी तजवीज, आणि तीसचाळीस लाखांच्या पदवीची पेटी मात्र आम्ही वरचे नाव वाचून घेतो.

यावर आमचे बँक अधिकारी म्हणतील, "मग तपासावे ना! नियम तो नियम." ठीक आहे, नियमाचेच पाहू. अमेरिकेतील मिशिगन राज्यात फार्मिंग्टन विद्यापीठ नावाची एक संस्था होती. ती सरकारच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत होती. तिला संकेतस्थळ होते, बोधचिन्ह होते. शिक्षक मात्र एकही नव्हता आणि वर्ग एकही भरत नव्हता, कारण ती अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने स्वतःच सापळा म्हणून काढली होती. २०१९ च्या जानेवारीत १३० विद्यार्थी पकडले गेले, त्यांतील १२९ भारतीय होते. वर्ग न भरता पटावर नाव ठेवून देशात राहू पाहणे हा त्यांच्यावरील ठपका. त्यांच्यापैकी कित्येकांस हे सोंग आहे हे माहीत असावे, हे मी नाकारीत नाही. परंतु कित्येक असेही होते की, आपले आधीचे कॉलेज मान्यता गमावून बसले म्हणून सरकारी यादी पाहून येथे आले. ज्यांनी तपासले त्यांनी तपासून हेच पाहिले. सरकारने त्यांची फी घेतली ती घेतलीच. फी परत मिळावी म्हणून एका विद्यार्थ्याने लावलेला दावा खालच्या न्यायालयाने काढून टाकला होता. तो चालविला पाहिजे असे वरिष्ठ न्यायालयाने २०२४ साली ठरविले.

लंडनचे उदाहरण याहून साधे आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तेथील लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना सरकारने काढून घेतला. विद्यापीठाने कागदपत्रांची व हजेरीची नीट देखरेख ठेवली नाही, हे कारण. दोन हजारांवर विद्यार्थ्यांस साठ दिवसांत दुसरी संस्था शोधा नाहीतर चालते व्हा, असे सांगण्यात आले. हजेरी घेण्यात चुकले विद्यापीठ, आणि गाशा गुंडाळावयास निघाले नियमित वर्गात बसणारेही! ऑस्ट्रेलियात तर पूर्वी अशी पद्धत होती की, संस्थेने कसूर झाल्याची नोटीस पाठविली आणि विद्यार्थी अठ्ठावीस दिवसांत कचेरीत हजर झाला नाही, की व्हिसा आपोआप रद्द व्हावा. मधे कोणा माणसाने विचार करण्याची गरजच नसे. २००५ साली तेथील न्यायालयाने त्या नोटिशीचा नमुनाच कायद्यास धरून नाही असे ठरविले, आणि मागील चारेक वर्षांत अशा रीतीने रद्द झालेले सुमारे आठ हजार व्हिसा अवैधपणे रद्द झाले होते असे निघाले. तोवर ती मुले कोठे गेली होती, किती कर्जे बुडाली होती, ते कोणत्या न्यायालयाने भरून द्यावयाचे? ही आपोआप रद्द होण्याची पद्धत २०१३ साली एकदाची बंद झाली. पुढे २०२५ च्या वसंतात अमेरिकेने चार हजारांवर परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी एका फटक्यात संपुष्टात आणल्या. त्यांतील पुष्कळांचे वर्ग चालू होते, गुणही चांगले होते. दावे लागले, न्यायाधीशांनी खडसावले, आणि एप्रिल संपण्यापूर्वी नोंदी पूर्ववत् करण्याचे सरकारने कबूल केले. नियम तो नियम खरा. पण नियम चुकला तर त्यास कोणी "परत या" म्हणत नाही.

आता दुसऱ्या गृहस्थांकडे वळतो. हे सारे परक्यांच्या द्वेषाने घडते, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. द्वेष नसेलच असे नव्हे. परंतु द्वेष असणाऱ्याने आठ लाख, दहा लाख परकी मुले बोलावली नसती. तेथे भावनेपेक्षा हिशेब अधिक आहे. परदेशी विद्यार्थ्याच्या फीवर विद्यापीठे चालतात, त्याच्या श्रमावर हॉटेले व वृद्धाश्रम चालतात. आणि निवडणुकीत घरांच्या टंचाईचा प्रश्न निघाला की त्याच विद्यार्थ्याच्या हजेरीची वही उघडली जाते. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाची फी २०२४ च्या जुलैत ७१० डॉलरांवरून १६०० आणि पुढील जुलैत २००० केली. अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही. यास द्वेष म्हणणे म्हणजे दुकानदारावर वैराचा आरोप करण्यासारखे आहे.

एका मराठी विद्यार्थ्याची गोष्ट येथे आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे घराणे मूळचे आमच्याच कोकणातले, मंडणगडजवळच्या आंबडव्याचे, १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला गेले व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली प्रबंध अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ते "अभ्यासक्रम सोडून गेले". लंडन विद्यापीठाने त्यांस चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. त्यांनी मुंबईस सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, एका पारशी मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० साली ते परत गेले. १९२१ साली एम्. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. झाली. ती मुभा नसती तर काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी. कोणी म्हणेल, त्या काळी साम्राज्यातील प्रजाजनास लंडनला जावयास व्हिसा लागत नसे, तुलना गैरलागू आहे. कायद्यापुरती ती गैरलागू आहे हे मला मान्य आहे. मी तुलना करतो ती संस्थेच्या वृत्तीची. पैसा संपलेला विद्यार्थी हा विद्यार्थीच आहे, असे त्या विद्यापीठाने मानले. आज अमेरिकेत कमी विषय घेण्याची सवलत आजारास आहे, सुरुवातीच्या भाषेच्या अडचणीस आहे, अखेरच्या सत्रास आहे. पैशाच्या अडचणीस नाही. ऑस्ट्रेलियात अनुकंपनीय कारणांसाठी अभ्यास थांबवता येतो, परंतु पैसा संपणे हे त्या कारणांत सहसा बसत नाही. गरीब देशांतील मुलांकडून श्रीमंत देशांत फी घ्यावयाची आणि नियमांत मात्र पैसा संपणे ही घटना संभवतच नाही असे धरून चालावयाचे, याला काय म्हणावे?

आणि या पहाऱ्यास संस्थांना कधी जुंपले तेही सांगतो, कारण माझ्या व्यवसायाशी त्याचा संबंध आहे. अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्यातच अशी तरतूद होती की, परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थेने तो येईनासा झाल्याचे सरकारास कळविण्याचे कबूल केले पाहिजे. न कळविल्यास संस्थेची मान्यता जाईल. म्हणजे अध्यापकाची हजेरीची वही शंभर वर्षांपासून पोलिसी दप्तराचा एक भाग आहे. विद्यार्थी वर्गात का आला नाही, हा अध्यापकाचा प्रश्न. तो आला की नाही, एवढाच सरकारचा. दोहोंची वही एकच झाली की पहिला प्रश्न विचारावयाचे राहून जाते.

हे लिहिताना माझ्या हाती कोणती वही असते ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी ज्या महाविद्यालयांतून आजवर शिकविले त्यांतील कोणाचेही नाव घेत नाही. घेण्याची आवश्यकताही नाही, कारण हा प्रकार कोठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन पहावा. मुंबई विद्यापीठाचा पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे. माझ्या तृतीय वर्षाच्या पटावर ऐंशीवर नावे असतात आणि पावसाळ्यात वर्गात पंधरावीस डोकी. सत्र संपताना पंचाहत्तर टक्के भरलेले असतात ऐंशीचेही. ते कसे भरतात हे मला विचारू नये. निम्म्या वेळा ते माझ्याच हाताने भरलेले आहेत. मुलगा कणकवलीत कामाला जातो, आंब्याच्या दिवसांत बागेत राखणीला असतो, त्याचे वर्ष कशाला घालवा, असे म्हणून आम्ही दयाळूपणाने खोटे लिहितो. त्यांच्या अडचणी खऱ्या असतात. परंतु त्या अडचणीस खरी रजा देण्याची व्यवस्था आम्ही कधी मागितली नाही. खोटी हजेरी देऊन प्रश्न मिटविला. तीन वर्षे ज्याने पाहिले की पटावरचे नाव आणि वर्गातील माणूस यांचा संबंध नसतो आणि तरी पदवी मिळते, त्याला मेलबर्नमध्ये कोणी "पटावर नाव असले म्हणजे झाले" असे सांगितले, तर त्यास त्यात खटकण्यासारखे काय वाटणार? ते वाक्य त्याने प्रथम आमच्याकडे ऐकले. तेथे ते खोटे ठरले एवढेच.

पालकांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आमच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईस गेली, गिरण्यांत राबली, गोदीत राबली, मनीऑर्डरींवर घरे चालली. त्या चाकरमान्याने आपण शिकावयास जातो असे कधी सांगितले नाही. कामाला जातो म्हणून गेला, काम मिळाले नाही तर खोलीवर पडून राहिला, फार झाले तर गावी परतला. त्याच्या अंगाला कसला डाग लागला नाही. आज पांढरपेशा घरास "मुलगा मेलबर्नला कामाला आहे" असे सांगण्याची लाज वाटते, म्हणून "मास्टर्स करतो आहे" असे सांगावयाचे, आणि विमानतळावर निरोप देताना मात्र हळूच विचारावयाचे, "हप्ता सुरू व्हायच्या आत नोकरी लागेल ना?" मुलाच्या शिरावर आपण दोन परस्परविरुद्ध आज्ञा ठेवतो: तासभरही काम चुकवू नकोस, आणि एकही वर्ग चुकवू नकोस. तो दोहोंपैकी कोणती पाळील हे आपणांस आधीपासून ठाऊक असते. मग तो परत आला की पडवीत बसून "शिकायला गेलात ना?" असे विचारण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो?

गेल्या जूनपासून मी हजेरी खरी लिहावयास लागलो आहे. याचे कौतुक नको. तीस वर्षे उशीर झाला आहे, आणि पहिल्या महिन्यातच प्राचार्यांकडे दोन पालक माझी तक्रार घेऊन गेले. पंधरवड्यापूर्वी एक गृहस्थ घरी आले. मुलाचा कॅनडातील एका कॉलेजासाठी अर्ज चालू आहे, त्यासाठी "विद्यार्थी नियमित उपस्थित असे" असे एक पत्र हवे होते. पत्र दलालाच्या कचेरीत टंकून तयारच होते, फक्त सही राहिली होती. मुलगा सालस आहे. तीन वर्षांत तो माझ्या तासाला फार तर वीस वेळा आला असेल, कारण सकाळी बंदरावर मासळीच्या लिलावात वडिलांना मदत करीत असे. तसेच लिहून देतो, असे मी म्हणालो: लिलावाचेही लिहितो, वीस वेळांचेही लिहितो. वडील काही बोलले नाहीत, कागद ठेवून गेले. तो अजून टेबलावर आहे. ते गुरुवारी पुन्हा येणार आहेत.